बॅकड्रॉपवरचा रंग फिका का पडतो? स्टुडिओतील जेल लाइटिंगची सोपी उकल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील गाळ्यात थाटलेला स्टुडिओ असो किंवा नेरुळच्या एखाद्या सदनिकेतील सामान हलवून मोकळा केलेला हॉल असो, कपड्यांची छायाचित्रे काढणाऱ्या बहुतेकांकडे बॅकड्रॉपसाठी, म्हणजे मॉडेलमागच्या पार्श्वभूमीसाठी, पांढऱ्या, करड्या किंवा काळ्या कागदाचे एक-दोनच रोल असतात. प्रत्येक रंगाचा वेगळा रोल घेणे खर्चाचे असते, आणि सुमारे पावणेतीन मीटर लांबीचे ते रोल ठेवायला जागाही लागते. म्हणून बॅकड्रॉपवर रोखलेल्या फ्लॅशपुढे रंगीत जेल लावून त्याच एका कागदावर कधी गडद निळा, कधी जांभळा, तर कधी शेंदरी रंग आणला जातो. युक्ती सोपी दिसते, पण नव्याने करू पाहणाऱ्याला लालऐवजी फिकट गुलाबी आणि निळ्याऐवजी धुवट आकाशी रंग मिळतो, आणि मग जेल हलक्या दर्जाचे निघाले असा समज होतो. बहुतेक वेळा जेलचा काहीही दोष नसतो. बॅकड्रॉपवर रंगीत प्रकाशाच्या जोडीला मॉडेलसाठी लावलेल्या मुख्य लाइटचा पांढरा प्रकाशही पडत असतो आणि तोच रंग फिका करतो. हा पांढरा प्रकाश कसा मोजावा आणि कसा अडवावा, हे समजले की जेलचे निम्म्याहून अधिक काम समजले, असे माझे ठाम मत आहे.

जेल नेमके काय करते

जेल म्हणजे रंग मुरवलेली पातळ, पारदर्शक प्लास्टिकची शीट. पूर्वी या शीट जिलेटिनच्या असत आणि नाटकाची प्रकाशयोजना करणारी मंडळी आजही त्यांना जिलेटिनच म्हणतात. आता मात्र त्या पॉलिएस्टर किंवा पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे उष्णता बऱ्यापैकी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या बनवतात. ली आणि रॉस्को या कंपन्या प्रत्येक छटेला ठरावीक क्रमांक देतात. लीच्या यादीत १०६ हा प्रायमरी रेड आहे आणि १८१ हा काँगो ब्लू नावाचा अतिशय गडद जांभळट निळा आहे. शीट कापताना तिच्या कोपऱ्यावर हा क्रमांक कायम शाईने लिहून ठेवावा, कारण त्याच ग्राहकाच्या पुढच्या कलेक्शनसाठी तीच पार्श्वभूमी पुन्हा हवी असते आणि तेव्हा डोळ्यांच्या आठवणीवर विसंबता येत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा रंगीत जिलेटिन पेपर सरावापुरता चालतो, परंतु त्याची छटा दर खेपेला सारखी मिळेल याची खात्री नसते आणि उष्णतेने तो लवकर आक्रसतो.

जेल प्रकाशात रंग मिसळत नाही, ही गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. फ्लॅशच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग आधीपासूनच असतात. लाल जेल त्यांतील निळा आणि हिरवा भाग शोषून घेते आणि लाल भाग तेवढा पुढे जाऊ देते. त्यामुळे प्रत्येक जेल प्रकाश खाते, आणि कोणते जेल किती खाते यात मोठा फरक असतो. पिवळ्या जेलमधून बराचसा प्रकाश पार होतो, तर गडद निळ्यातून फारच थोडा. पिवळ्यासाठी बसवलेल्या पॉवरवरच निळे जेल लावले, तर बॅकड्रॉप जवळजवळ काळा दिसतो. जेल बदलले की पॉवर पुन्हा बसवावी लागते, याला पर्याय नाही.

याच कारणाने एकाच फ्लॅशवर लाल आणि हिरवी अशी दोन जेल एकावर एक लावली तर पिवळा मिळत नाही. एकातून जे सुटते ते दुसरे शोषून घेते आणि जवळजवळ अंधारच उरतो. याउलट एका फ्लॅशवर लाल आणि दुसऱ्यावर हिरवे जेल लावून दोन्ही प्रकाश बॅकड्रॉपच्या एकाच भागावर टाकले, तर तिथे पिवळा उमटतो. लाल आणि निळा मिळून किरमिजी, हिरवा आणि निळा मिळून मोरपिशी. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळा टाकून मधोमध किरमिजी पट्टा आणणे ही फॅशनच्या छायाचित्रांत वारंवार दिसणारी रचना याच मिश्रणावर उभी आहे.

पांढऱ्या प्रकाशाचा हिशेब

रांगोळीच्या लाल रंगात पांढरी रांगोळी मिसळली की त्याचा गुलाबी होतो, तसेच बॅकड्रॉपवर घडते. फरक एवढाच की इथे किती पांढरे मिसळले जाते, याचा आधीच अंदाज बांधता येतो. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे स्टॉप: प्रकाश दुप्पट झाला तर एक स्टॉप वाढला, निम्मा झाला तर एक स्टॉप घटला. दुसरी म्हणजे अंतराचा नियम: लाइटपासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा होत नाही, तर एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉपने घटतो. मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीच्या) अगदी जवळ हा नियम काटेकोर लागू पडत नाही, पण आपल्या कामापुरता तो पुरेसा आहे.

समजा, सॉफ्टबॉक्स मॉडेलपासून १.२ मीटरवर आहे आणि प्रकाश मोजणारा लाइट मीटर एफ/८ दाखवतो. (हे लेन्सच्या छिद्राचे आकडे आहेत; एफ/८, ५.६, ४, २.८, २ या क्रमात प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप कमी प्रकाश.) बॅकड्रॉप मॉडेलच्या मागे आणखी १.२ मीटरवर आहे. म्हणजे लाइटपासून बॅकड्रॉपचे अंतर २.४ मीटर, नेमके दुप्पट. तेव्हा तिथे पोहोचणारा पांढरा प्रकाश दोन स्टॉपने कमी, म्हणजे एफ/४ इतका असेल. आता लाल जेल लावलेल्या फ्लॅशचा प्रकाश बॅकड्रॉपवर एफ/५.६ ठेवला, तर लाल आणि पांढरा यांत एकाच स्टॉपचे अंतर राहते. दोन भाग लाल आणि एक भाग पांढरा असे हे मिश्रण झाले, आणि ते गुलाबी दिसणारच. हेच बॅकड्रॉप मॉडेलच्या मागे ३.६ मीटरवर नेले, तर लाइटपासून ते ४.८ मीटरवर, म्हणजे चौपट अंतरावर जाते. पांढरा प्रकाश चार स्टॉपने घटून एफ/२ उरतो. लाल पूर्वीइतकाच एफ/५.६ ठेवला, तरी आता आठ भाग लालात एकच भाग पांढरा आहे. जेल तेच, फ्लॅश तोच, कागदही तोच, आणि तरीही रंग गडद.

मॉडेलला बॅकड्रॉपपासून लांब उभे करा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो, तो या हिशेबामुळे. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे पट्ट्यातील औद्योगिक गाळ्यांत तो सहज पाळता येतो. परंतु साड्या किंवा कुर्ते विकणारी अनेक छोटी घरगुती दुकाने स्वतःच्या हॉलमध्येच छायाचित्रे काढतात आणि पंधरा फुटांच्या खोलीत बॅकड्रॉप, मॉडेल, लाइट आणि कॅमेरा या सगळ्यांना एका रेषेत बसवायचे असते. तिथे ३.६ मीटर मागे सरकायला जागा कुठली? अशा वेळी हाच हिशेब उलटा वापरावा: बॅकड्रॉप लांब नेता येत नसेल, तर मुख्य लाइट मॉडेलच्या जवळ आणावा. लाइट ६० सेंटिमीटरवर आणि बॅकड्रॉप मॉडेलच्या मागे १.८ मीटरवर असेल, तर लाइटपासून बॅकड्रॉपचे अंतर २.४ मीटर, म्हणजे पुन्हा चौपट होते, आणि तेच चार स्टॉप लहान खोलीतही मिळतात. लाइट जवळ आणल्यावर त्याची पॉवर बरीच उतरवावी लागते, हे ओघाने आलेच. या उपायाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. एवढ्या जवळचा लाइट चेहरा, ब्लाउज, दागिने, फार तर कमरेपर्यंतचा भाग नीट उजळतो. पायघोळ अनारकली किंवा नऊवारी डोक्यापासून पायापर्यंत दाखवायची असेल, तर लाइट दूर आणि मोठा लागतो आणि मग खोलीही मोठीच लागते. अशा कामासाठी दिवसभराच्या भाड्याने गाळा घेणेच शहाणपणाचे आहे.

अंतराखेरीज दिशाही हाताशी असते. सॉफ्टबॉक्सला कापडी ग्रिड, म्हणजे कप्प्यांची जाळी, लावली की त्याचा प्रकाश बाजूंना पसरत नाही. लाइट समोरून मारण्याऐवजी बाजूने आणला, की मॉडेलला ओलांडून जाणारा प्रकाश बॅकड्रॉपवर न पडता शेजारच्या भिंतीवर पडतो. मात्र आपल्या घरांच्या भिंती आणि छत बहुधा पांढरे असते आणि ते तो प्रकाश परतवून पुन्हा बॅकड्रॉपवर टाकतात. नऊ-साडेनऊ फुटांवरचे पांढरे छत हा लहान जागेतला मोठाच अडथळा आहे. लाइटच्या बाजूच्या भिंतीवर काळे कापड टांगणे आणि सॉफ्टबॉक्स व बॅकड्रॉप यांच्यामध्ये काळ्या थर्माकोलचा कटर (प्रकाश अडवणारा आडोसा) उभा करणे, या दोन स्वस्त उपायांनी जो फरक पडतो तो महागड्या जेलने पडत नाही.

पांढरा कागद, करडा कागद, काळा कागद

पांढऱ्या कागदावर रंग सर्वांत खुलून दिसेल, असे कुणालाही वाटते. अनुभव उलट येतो: करड्या आणि काळ्या कागदावर रंग अधिक गडद आणि भरीव येतो. याचे स्पष्टीकरण बऱ्याचदा अर्धवट दिले जाते, म्हणून ते जरा सविस्तर पाहू.

कागद कोणताही असला, तरी त्यावर पडणारा लाल आणि त्यावर सांडणारा पांढरा या दोघांनाही तो सारख्याच प्रमाणात परतवतो. म्हणजे नुसता कागद बदलून दोघांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. बदलते ती आपल्याला वापरावी लागणारी पॉवर. पांढरा कागद पडलेल्या प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, त्यामुळे थोडासाच लाल प्रकाश टाकला तरी बॅकड्रॉप पुरेसा उजळतो. अधिक टाकला तर रंग पांढुरका होऊन वाया जातो. म्हणून जेलचा फ्लॅश मंद ठेवावा लागतो, आणि त्या मंद लालापुढे सांडलेला पांढरा प्रकाश वरचढ ठरतो. १८ टक्के प्रकाश परतवणारा मध्यम करडा कागद लावला, तर तेवढाच उजेड दिसण्यासाठी लाल प्रकाश पाचपट, म्हणजे दोन स्टॉपहून थोडा अधिक वाढवावा लागतो. सांडणारा पांढरा प्रकाश मात्र पूर्वीइतकाच राहतो, आणि पाचपट लालापुढे तो नगण्य ठरतो. काळ्या कागदाला याहूनही कितीतरी अधिक पॉवर लागते, आणि त्याच प्रमाणात रंगही अधिक खोल येतो. गडद निळे जेल आणि काळा कागद एकत्र आले, की लहान फ्लॅशची ताकद संपते, हे ध्यानात ठेवावे. काळे मखमली कापड तर बहुतेक सगळाच प्रकाश गिळते, त्यावर जेल वाया जाते.

एकच रोल घ्यायचा असेल तर तो मध्यम करडा घ्यावा. त्यावर बिनजेलचा जोरदार प्रकाश टाकून जवळजवळ पांढरा, काहीच न टाकता जवळजवळ काळा आणि जेल लावून हवा तो रंग, असे सर्व काही त्या एका रोलवर होते.

पावसाळ्याविषयी एक सूचना. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत कागदाच्या रोलला जून ते सप्टेंबरमध्ये लाटा पडतात, आणि बॅकग्राउंड लाइट तिरका व जवळून मारला तर त्या लाटा सावल्यांसह उठून दिसतात. रोल उभा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा, आणि त्या दिवसांत लाइट शक्यतो कागदासमोरून, मॉडेलच्या आड लपवून मारावा.

लाइटची जागा आणि क्रम

बॅकग्राउंड लाइट मॉडेलच्या मागे, बुटक्या स्टँडवर लपवून बॅकड्रॉपकडे रोखला की डोक्यामागे उजळ वलय आणि कडांकडे उतरत जाणारा गडदपणा मिळतो. लाइट कागदाच्या जितका जवळ, तितके वलय लहान. मधाच्या पोळ्यासारख्या धातूच्या ग्रिडने ते आणखी आवळता येते. सगळीकडे सारखा रंग हवा असेल, तर दोन्ही बाजूंनी एकेक फ्लॅश, एकाच क्रमांकाची जेल लावून, समान अंतरावर ठेवावा आणि बार्न डोअरची (लाइटच्या तोंडाशी लावलेल्या, उघडमीट होणाऱ्या पात्यांच्या चौकटीची) मॉडेलकडची पाती मिटवावी, नाहीतर तो रंग मॉडेलच्या खांद्यांवर आणि गालांच्या कडांवर येतो.

जेल फ्लॅशच्या नळीला चिकटवून कधीही लावू नये. बार्न डोअरच्या पुढे क्लिपने अडकवावे आणि मध्ये हवा खेळायला फट ठेवावी. ज्या फ्लॅशमध्ये हॅलोजनचा मॉडेलिंग लॅम्प (प्रकाश कुठे पडेल ते आधी दाखवणारा, सतत जळणारा दिवा) असतो, त्यात तो बंद करावा किंवा अगदी मंद ठेवावा. जेल वितळण्याचे आणि रंग उडण्याचे कारण बहुधा फ्लॅश नसून सतत तापणारा हा दिवाच असतो.

कामाचा क्रम मी आग्रहाने असा सांगेन. आधी सर्व फ्लॅश बंद ठेवून, आयएसओ १००, १/१६० सेकंद आणि एफ/८ अशा मापावर एक फ्रेम घ्यावी. ती पूर्ण काळी आली पाहिजे. तशी आली नाही, तर खोलीतील ट्यूबलाइट किंवा खिडकीतला उजेड चित्रात शिरतो आहे. मग फक्त मुख्य लाइट चालू करून मॉडेलची फ्रेम घ्यावी आणि चेहऱ्याकडे न पाहता बॅकड्रॉपकडे पाहावे. रंग फिका करणारा सगळा पांढरा प्रकाश या एका फ्रेममध्ये उघड दिसतो. बॅकड्रॉप इथे जितका काळोखा, तितका पुढचा रंग शुद्ध. म्हणून जेलला हात लावण्यापूर्वी अंतर, ग्रिड आणि कटर यांची जुळणी इथेच पूर्ण करावी. त्यानंतर फक्त जेलचा फ्लॅश चालू करून त्याची पॉवर बसवावी, आणि शेवटी दोन्ही एकत्र. घाईच्या दिवशी दुसरी पायरी गाळली जाते आणि नंतर संगणकावर प्रत्येक फ्रेमचा रंग ओढूनताणून गडद करत बसावे लागते.

कॅमेरा रंग कसा वाचतो

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता प्रकाश पांढरा धरायचा हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नये. कॅमेरा मोठ्या लाल पार्श्वभूमीला चूक समजून ती दुरुस्त करू पाहतो, आणि त्या दुरुस्तीत मॉडेलची त्वचा निळसर होते. तो ५५०० केल्विनच्या (प्रकाशाची छटा मोजण्याच्या एककाच्या) आसपास पक्का करावा, म्हणजे मुख्य लाइटखालची त्वचा आणि कापड खरे दिसते. व्हाइट बॅलन्सचा जाणीवपूर्वक वापर करणारी एक सुंदर युक्ती आहे: मुख्य लाइटवर फुल सीटीओ हे नारिंगी जेल लावावे, कॅमेरा ३२०० केल्विनवर ठेवावा, आणि बॅकड्रॉपवरच्या फ्लॅशला काहीही लावू नये. कॅमेऱ्याच्या लेखी नारिंगी प्रकाश पांढरा ठरतो, त्वचा नैसर्गिक दिसते, आणि बॅकड्रॉपवरचा साधा पांढरा प्रकाश निळा उमटतो. निळे जेल जो प्रकाश गिळते तो इथे वाचतो, म्हणून कमी ताकदीच्या फ्लॅशवर निळी पार्श्वभूमी हवी असेल तेव्हा हा उपाय फार उपयोगी पडतो.

रंगाची गडदता एक्स्पोजरवरही अवलंबून असते. एकच निळे जेल कमी प्रकाशात शाईसारखा, मध्यम प्रकाशात राजस निळा आणि अति प्रकाशात आकाशी दिसते. लाल अति झाला की नारिंगीकडे झुकतो. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) अशा वेळी दिशाभूल करतो, कारण तो व्यवस्थित दिसत असतानाही एकट्या लाल चॅनलची मर्यादा ओलांडली गेलेली असू शकते. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावावी आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत. आणखी एक तांत्रिक बाब अशी की, कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधील रंगीत फिल्टरांची रचना आजही कॅमेऱ्यांच्या बहुतेक सेन्सरवर असते आणि तिच्यात निम्मे बिंदू हिरव्यासाठी, तर लाल आणि निळ्यासाठी प्रत्येकी एक चतुर्थांशच बिंदू असतात. केवळ निळ्या प्रकाशातल्या पार्श्वभूमीवर दाणेदारपणा लवकर दिसतो तो यामुळेही, म्हणून निळ्याला प्रकाशाची कमतरता पडू देऊ नये.

कापड, जर आणि केस

रंगीत प्रकाश बॅकड्रॉपवरच थांबत नाही. तिथून परतलेला लाल प्रकाश मॉडेलच्या कडांवर येतो, आणि मॉडेल बॅकड्रॉपच्या फार जवळ असेल तर पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या गुलाबी दिसतात. हिरव्या पैठणीची गत आणखी वाईट होते: हिरवे कापड लाल प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ज्या भागापर्यंत मुख्य लाइट पोहोचत नाही तो भाग काळपट पडतो. जरीचे काठ आणि पदर आरशासारखे वागतात. त्यांच्यासमोर जो रंग असेल तो ते दाखवतात, आणि सोनेरी जर निळी दिसू लागते. कलात्मक चित्रात हे शोभूनही दिसते. राम मारुती रोडवरच्या एखाद्या दुकानाच्या कॅटलॉगसाठी चित्र घेताना मात्र ग्राहक त्या चित्रावरून रंग निवडणार असतो, तेव्हा कापडाचा खरा रंग राखणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्यच आहे. अशा कामात मॉडेल बॅकड्रॉपपासून पुरेसे दूर उभे करावे, जेलचा फ्लॅश बंद ठेवून ग्रे कार्डसह (रंग जुळवण्यासाठीच्या करड्या पुठ्ठ्यासह) एक फ्रेम घ्यावी, आणि प्रत्येक साडीचे एक चित्र साध्या करड्या पार्श्वभूमीवरही घेऊन ठेवावे.

काळे केस आणि गडद निळी पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून जातात, आणि आंबाड्याचा किंवा वेणीचा आकार हरवतो. डोक्यामागचे वलय थोडे उजळ ठेवणे किंवा मागून एक बारीक लाइट केसांवर सोडणे, यांपैकी एक तरी करावेच लागते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत नारिंगी-तांबूस छटा असते, म्हणून मोरपिशी आणि निळी पार्श्वभूमी तिला छान उठाव देते. शेंदरी पार्श्वभूमीवर त्वचा वेगळी काढायला मुख्य लाइट अधिक नेमका लागतो.

पूर्ण उंचीच्या चित्रात जमिनीचा प्रश्न उरतो. मॉडेलच्या पायांवर मुख्य लाइट पडणारच आणि तिथल्या कागदाचा रंग फिका होणारच. जेलची पॉवर वाढवून तो भरून निघत नाही, उलट पाय आणि साडीचा घोळ रंगीत होतो. चित्र गुडघ्यापर्यंत कापणे, किंवा जमिनीवर त्याच रंगाच्या जवळचा कागद वेगळा अंथरणे, हे दोन उपाय व्यवहार्य आहेत.

चित्र छापले जाणार असेल तर निळ्याची आणि जांभळ्याची आधीच काळजी घ्यावी. पडद्यावर झळाळणारा जेलचा गडद निळा छपाईच्या चार शायांत बसत नाही आणि कागदावर तो मंद, जांभळट उतरतो. छापखान्याची प्रोफाइल (तिथे रंग कसे छापले जातात ते सांगणारी फाइल) मागवून घ्यावी, चाचणीची एक-दोन चित्रे तिच्यात रूपांतरित करून पाहावीत, आणि रंग फार बदलत असेल तर शूटच्या आधीच कमी गडद क्रमांकाचे जेल निवडावे.